होम थिएटर
होम थिएटर : घरातल्या खोलीत चित्रपटगृहासारखे दृश्य व ध्वनी मिळावेत यासाठी केलेली रचना. ५·१ पद्धतीत समोर तीन, बाजूंना दोन ध्वनिवर्धक आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. संवाद मुख्यतः मधल्या ध्वनिवर्धकातून येतात. म्हणून तो पडद्यालगत, शक्यतो कानाच्या उंचीवर ठेवतात. बैठक पडद्याच्या कर्णाच्या सुमारे दीडपट दूर असावी. ५५ इंची टीव्हीसाठी हे अंतर साधारण २ मी. भरते. फरशी व उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. सतरंजी आणि जाड पडदे तो शोषतात. नंदुरबारसारख्या उष्ण जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. तेथे वापरात तापणाऱ्या अँप्लिफायरभोवती हवा खेळती ठेवणे आवश्यक असते. नवशिक्याने आधी खोलीची मापे घ्यावीत, मगच उपकरणे निवडावीत.