पर्जन्यापासून घरांचे संरक्षण (सातारा-सांगली)

सातारा व सांगली या जिल्ह्यांत घराच्या छपरास व भिंतींस खरा उपद्रव थंडीचा नसून पर्जन्याचा होय. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात क्वचित दहिवर गोठते, परंतु त्याने इमारतीस अपाय होत नाही. सुमारे १,३७० मीटर उंचीवरील या गिरिस्थानी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या अवधीत व पश्चिमेच्या वाऱ्यासवे आडवा कोसळत असल्याने, आणि तेथील जांभा दगड सच्छिद्र असल्याने, केवळ छप्पर शाकारून भागत नाही, भिंतींनाही आवरण घालावे लागते. याकरिता वाळलेल्या गवताचे जाड थर बांधून केलेले झाप पावसापूर्वी भिंतींवर उभे करीत व पावसाळा सरल्यावर उतरवीत. हल्ली पत्र्यांनी व प्लास्टिकने त्यांची जागा पुष्कळशी घेतली असली, तरी गवताआड भिंतीस हवा मिळत राहते, हा त्याचा गुण उपेक्षणीय खास नव्हे. फुटकी कौले मृगापूर्वी बदलण्याचा शिरस्ता सर्वत्र आहे. जत, आटपाडीकडील अवर्षणप्रवण मुलखात मात्र मातीची सपाट माळवदे चालत आली. त्यांवरील माती दरसाल चोपून पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात.