छोट्या गाडीसाठी खरी पोर्शे खोलणारा माणूस आणि न उघडलेल्या खोक्यांचं कोडं

गाडी विकत घेतल्यावर माणूस काय करतो? नारळ फोडतो, पेढे वाटतो, फोटो टाकतो. जपानमधल्या शुनसाकू तामिया यांनी १९७० च्या दशकात पोर्शे ९११ विकत घेतली आणि चक्क सुटी सुटी करून टाकली. गाडी बिघडलेली नव्हती. त्यांना फक्त आत काय काय असतं ते मोजायचं होतं.

कारण त्यांच्या कंपनीला पोर्शे ९३४ या रेसिंग कारचं मॉडेल काढायचं होतं. जर्मनीत पोर्शेच्या कारखान्यात जाऊन त्यांनी पुष्कळ फोटो काढून आणले, तरी काही भाग कळेनात. मग सरळ गाडीच घेतली. खोलणं जमलं, पण परत जोडणं काही जमेना, तेव्हा पोर्शेच्या माणसांना बोलवावं लागलं. एवढा सगळा खटाटोप करून १९७६ मध्ये जे बाजारात आलं, ते होतं एक पुठ्ठ्याचं खोकं. आत प्लास्टिकचे सुटे भाग, जे जोडले की साधारण ३६ सेंटीमीटर लांबीची पोर्शे तयार होते.

या खोक्याला म्हणतात स्केल मॉडेल किट. जगभरात लाखो लोक हे किट जोडतात. आणि त्याहून गंमत म्हणजे, त्यातले बरेच जण किट विकत घेतात, कपाटात ठेवतात आणि कधीच उघडत नाहीत! हा काय प्रकार आहे, ते जरा नीट समजून घेऊ.

हॉट व्हील्स आणि किट यांत फरक काय?

लहानपणी हातात असते ती हॉट व्हील्स किंवा मॅचबॉक्सची गाडी म्हणजे डायकास्ट. धातू साच्यात ओतून कारखान्यातच तयार झालेली. किट म्हणजे सुटे भाग. बॉडी, चाकं, सीट, स्टिअरिंग, काचा, कधी कधी इंजिनसुद्धा वेगळं. जोडायचं तुम्ही, रंगवायचं तुम्ही, बिघडवायचंही तुम्हीच.

दुसरा फरक मापाचा. १/२४ स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल. साडेचार मीटरची गाडी या मापात १९ सेंटीमीटरच्या आसपास येते. कार किटमध्ये १/२४ आणि अमेरिकन कंपन्यांचं १/२५ ही दोन मापं सगळ्यात जास्त चालतात. १/१२ म्हणजे मोठं, महाग आणि टेबल अडवणारं. हॉट व्हील्सला लोक १/६४ म्हणतात खरे, पण तिथे माप काटेकोर नसतं. गाडी ठरलेल्या पाकिटात बसली पाहिजे, म्हणून ट्रक आणि छोटी कार जवळपास एकाच लांबीचे दिसतात.

सुरुवात झाली शोरूममधून

अमेरिकेत १९४८ मध्ये एएमटी नावाची कंपनी सुरू झाली. पूर्ण नाव 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज'. तिचं काम होतं गाड्यांच्या डीलरांसाठी नव्या मॉडेलच्या छोट्या प्रतिकृती बनवणं. गिऱ्हाइकाला दाखवायच्या किंवा पोरांच्या हातात द्यायच्या. या प्रतिकृती लवकरच प्लास्टिकच्या झाल्या, नाव मात्र ॲल्युमिनियमचंच राहिलं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या रेव्हेल कंपनीने जुन्या पद्धतीच्या गाड्यांचे छोटे किट काढले आणि ते जोरात खपले. मग १९५८ मध्ये एएमटीने एक भन्नाट डोकं चालवलं. शोरूमच्या प्रतिकृतींचेच साचे वापरून किट काढले, आणि एका खोक्यात तीन प्रकारे जोडता येईल इतके भाग घातले. गाडी कारखान्यातून निघाली तशी बनवा, सजवून बनवा किंवा रेसिंगची बनवा. ज्या पोराला खरी गाडी घ्यायला अजून दहा वर्षं होती, त्याला दोन डॉलरच्या आत स्वतःच्या मनासारखी गाडी मिळू लागली. १९६० च्या दशकातल्या अमेरिकेत या किट्सची जी लाट आली, तिचं मूळ इथे आहे.

आता यात एक मेख होती, आणि आजच्या चढ्या किमतींचं मोठं कारण तीच आहे.

प्लास्टिकचे भाग पोलादी साच्यात बनतात आणि असा साचा कोरणं हा किटमधला सगळ्यात मोठा खर्च. खऱ्या गाडीचं मॉडेल दरवर्षी थोडं बदलायचं. नवी जाळी, नवे दिवे, मागचे पंख जरा कमी. मग किट कंपन्या नवा साचा करण्याऐवजी जुनाच साचा पुन्हा कोरून बदलायच्या. म्हणजे १९६३ ची गाडी तयार झाली की १९६२ ची कायमची गेली! काही साचे पुढे रेसिंगच्या गाड्यांसाठी कापले गेले. त्यामुळे काही जुन्या किट्सच्या बाबतीत कंपनीची कितीही इच्छा असली तरी ते जसेच्या तसे परत काढता येत नाहीत. त्या वर्षी जे छापले गेले तेवढेच. त्यातले बहुतेक त्या काळातल्या पोरांनी गोंदाने बरबटवून, फटाके लावून उडवून संपवले. जे न उघडता राहिले, त्यांच्यासाठी आज लोक भांडतात.

लाकडाच्या वखारीतून आलेली कंपनी

जपानची गोष्ट वेगळी आहे. शिझुओका या भागात लाकूडकामाची जुनी परंपरा. तामिया कंपनीसुद्धा १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायातून सुरू झाली, पुढे लाकडी मॉडेल करू लागली. अमेरिकन प्लास्टिक किट आले तशी लाकडी मॉडेलची मागणी आटली. १९६० मध्ये तामियाने पहिलं प्लास्टिक किट काढलं, 'यामातो' या युद्धनौकेचं. ते फारसं चाललं नाही. पुढे पँथर रणगाड्याच्या किटने कंपनीला हात दिला. त्या रणगाड्याचं १/३५ हे विचित्र माप कुठून आलं ठाऊक आहे? आत मोटर आणि बॅटरी बसली पाहिजे म्हणून. आज जगभरातले बरेच लष्करी किट याच मापात निघतात.

१९६७ मध्ये तामियाने होंडाच्या आरए२७३ या फॉर्म्युला वन कारचं १/१२ किट काढलं आणि कार मॉडेलमध्ये नाव केलं. त्यानंतर नऊ वर्षांनी ती पोर्शे. पोर्शेच्या किटवर इतका खर्च झाला होता की तो भरून काढायला त्याच बॉडीखाली मोटर आणि रेडिओ बसवून रिमोटवर चालणारी कार काढली गेली. तामियाच्या रिमोट कारचा प्रचंड धंदा सुरू झाला तो असा. शुनसाकू तामिया २०२५ च्या जुलैमध्ये वयाच्या ९० व्या वर्षी गेले, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या टेबलावरच्या गाड्यांचे फोटो टाकून त्यांना निरोप दिला.

आओशिमा, फुजिमी, हासेगावा या कंपन्याही शिझुओका भागातल्याच. दर मे महिन्यात तिथे मोठं हॉबी प्रदर्शन भरतं.

बनवतात कसं?

खोकं उघडलं की प्लास्टिकच्या चौकटी निघतात, त्यांना भाग चिकटलेले. या चौकटीला स्प्रू म्हणतात. भाग हाताने पिळून तोडायचा नाही, छोट्या कटरने कापायचा आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासायचा. बॉडीवर बारीक उंच रेघ दिसते, ती साच्याचे तुकडे जिथे एकमेकांना भिडतात तिची. ती घासली नाही तर रंग दिल्यावर हटकून वर येते. नवशिक्याचं आणि जाणकाराचं मॉडेल ओळखायची ही सोपी खूण.

किटचं सिमेंट खरं तर चिकटवत नाही, ते पॉलिस्टायरीन प्लास्टिक विरघळवतं. दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि सुकल्यावर एकच होतात. वेल्डिंगच म्हणा ना. म्हणूनच ते काचांना लावायचं नाही. फेव्हिक्विकसारख्या इन्स्टंट गोंदाची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसली की काच पांढुरकी होते आणि महिनाभराची मेहनत धुक्यात जाते. काचांसाठी सगळ्यात सुरक्षित काय? आपला साधा पांढरा फेव्हिकॉल. सुकल्यावर पारदर्शक होतो, चुकलं तर ओल्या कापडाने निघतो.

रंगाचं गणित मजेशीर आहे. खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण ०.१ मिलिमीटर असतो. तेवढाच थर १/२४ मॉडेलवर दिला तर तो खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर रंग थापल्यासारखा होतो. दारांच्या फटी बुजतात, अक्षरं गायब होतात. त्यामुळे पातळ थर, मध्ये वाट, पुन्हा पातळ थर. या छंदातला अर्ध्याहून जास्त वेळ वाट बघण्यात जातो.

मुंबई-कोकण-गोव्यातल्या मंडळींना इथे एक जादा अडचण. पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की लॅकर रंग सुकताना त्यात पाणी धरतं आणि चकचकीत काळ्या गाडीवर पांढरट झाक येते. त्या चार महिन्यांत इंजिन आणि सीट जोडावेत, बॉडीचा रंग दिवाळीनंतरच. आणि स्प्रे कोणताही असो, खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ अडवणारा मास्क हवाच. रुमाल बांधून भागत नाही.

मग खोकं उघडायचं की ठेवायचं?

या छंदातलं खरं भांडण हे आहे. जोडणाऱ्यांच्या मते किट जोडायलाच असतं. जमवणाऱ्यांच्या मते सील तोडलं की किंमत पडली. आणि बहुतेक जण दोन्ही असतात. 'पुढच्या सुट्टीत करू' म्हणत घेतलेली खोकी पलंगाखाली वाढत जातात. हौशी लोक या ढिगाला 'स्टॅश' म्हणतात आणि आयुष्यात जोडून होणार नाही एवढा स्टॅश झाल्याबद्दल एकमेकांची थट्टा करतात.

पण न उघडलेलं खोकं सुरक्षित असतं, हा समज चुकीचा आहे. जुन्या किट्समधली मऊ व्हिनाइलची टायर घ्या. व्हिनाइल लवचीक ठेवायला त्यात जे रसायन मिसळतात ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरीनला मऊ करतं. टायर खोक्यात काचेला किंवा बॉडीला टेकून राहिली तर तिथे खड्डा पडतो. चाळीस वर्षं सील जपलं आणि आत टायरने विंडशील्ड खाल्लेली, असं प्रत्यक्षात घडतं. आणि सील असल्यामुळे ते कळतही नाही! बाहेरचा सेलोफेन आक्रसून खोक्याचे कोपरे चेपतो. स्टिकरसारखे पाण्यात भिजवून लावायचे डिकल पिवळे पडतात आणि जुने झाले की पाण्यात टाकताच तुकडे होतात. अमेरिकन शोरूममधल्या सुरुवातीच्या प्रतिकृतींचं प्लास्टिक तर नुसत्या वयानेच वाकडं होतं.

म्हणजे ज्या किटची किंमत न उघडण्यावर ठरते, त्याची तब्येत मात्र उघडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे जाणते जमवणारे बऱ्याचदा सील तोडतात. टायर वेगळ्या पिशवीत, काचा वेगळ्या, डिकल सपाट आणि कोरड्या जागी. सीलबंद किटसाठी जादा पैसे मोजणारे अर्थात आहेतच, पण ते विकत घेतात ते खोकं, आतल्या गाडीची खात्री कुणालाच नसते. पिवळ्या डिकलवर मात्र एक जुना घरगुती इलाज आहे. पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवा, उन्हाने पिवळेपणा बराच उतरतो. ऊन तर आपल्याकडे फुकटच आहे.

भारतात काय परिस्थिती?

महाग. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. सीमाशुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेलही खेळण्यांच्याच रांगेत बसतात. त्यावर जीएसटी आणि कुरिअर. त्यामुळे जपानमध्ये स्वस्त वाटणारं किट इथे पोचेपर्यंत दीडपट-दुप्पट होतं.

ज्याला नुसतं करून बघायचंय त्याने सुरुवातीलाच इंजिनवालं शंभर-दोनशे भागांचं किट घेऊ नये. आओशिमाची १/३२ मापातली सुझुकी जिम्नी आहे, रंगीत प्लास्टिकची, दाबून बसणाऱ्या भागांची. गोंद नाही, रंग नाही, एका संध्याकाळी होते. थोडा हात बसला की तामियाची १/३५ विलीज जीप बघावी. तिचं मराठी माणसाशी एक नातंही आहे. महिंद्राने स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात मुंबईत माझगावला विलीज जीप बनवायला घेतल्या, तेव्हा त्याही अमेरिकेतून सुट्या भागांच्या पेट्यांतूनच यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या.