केसांच्या दिशेवर धावणारे लाकडी घोडे

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, तीर्थपुरीच्या कोणत्याही गोठ्यात बैलाच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवला, तर तो अलगद घसरत जातो. तोच हात उलट फिरवला की केस उभे राहतात आणि तळव्याला अडवतात. या अडवणुकीच्या बळावर मध्य आशियातील माणसांनी शतकानुशतके हिवाळा ओलांडला.

घनसावंगी तालुक्यात आकाशातून बर्फ पडतो तो गारपिटीच्याच रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने ती सोसली, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला बर्फाचे कौतुक सांगायला जाऊ नये. पण अल्ताई पर्वतात, म्हणजे आजचा चीन, मंगोलिया, रशिया आणि कझाकस्तान जिथे एकमेकांना भिडतात तिथे, बर्फ कंबरेपर्यंत साचतो. घोडा त्यात रुततो, माणूसही रुततो. तिथे चालते ती पायाखाली बांधलेली लाकडी फळी, अर्थात स्की.

या फळीची घडण पाहण्यासारखी आहे. स्प्रूसचे लाकूड कुऱ्हाडीने तासून माणसाच्या उंचीएवढी किंवा थोडी अधिक लांब फळी काढतात. तिचे टोक उष्णतेने नरम करून वर वळवतात. मग घोड्याच्या पायांचे कातडे ओले असताना तळाशी ताणून बसवतात आणि कडा वर घेऊन पक्क्या करतात. हलगीवर कातडे चढवणाऱ्याला यात काही नवे वाटणार नाही: ओले कातडे वाळताना आक्रसते आणि लाकडाला घट्ट धरते. कातडे पायाचेच का? तिथले केस आखूड, दाट आणि ताठ असतात. पोटाकडचे मऊ केस लवकर झिजतात. केसांची टोके मागच्या बाजूला ठेवली की उतारावर फळी पुढे सरकते आणि चढावर मागे घसरत नाही. सैबेरियात हेच काम रेनडिअरच्या किंवा मूसच्या पायांचे कातडे करते. रशियन भाषेत त्याला ‘कामुस’ म्हणतात.

हातात काठी एकच आणि लांब. ती बर्फात मागे टेकवून शिकारी वेग आवरतो आणि दिशा बदलतो. अल्ताईतील तुवा शिकारी अशा फळ्यांवरून सांबराच्या जातकुळीतील मोठ्या हरणांचा माग काढीत. खोल बर्फात हरीण थकते, फळीवरचा माणूस थकत नाही, आणि शेवटी दोराचा फास टाकला जातो.

लिखित पुरावा चिनी दरबारातून मिळतो. सातव्या शतकातील ‘सुई शू’ हा इतिहासग्रंथ उत्तरेकडील शीवेई लोकांबद्दल सांगतो की, बर्फाच्या खड्ड्यात पडण्याच्या भीतीने ते लाकडावर स्वार होऊन चालतात. १०६० मध्ये पूर्ण झालेल्या तांग घराण्याच्या नव्या इतिहासात तर काही तुर्क टोळ्यांचे नावच ‘लाकडी घोड्यांचे तुर्क’ असे येते. पायाखाली फळ्या, बगलेत वाकडे लाकूड, एका रेट्यात शंभर पावले. हे लिहिणाऱ्याने स्वतः तो प्रकार पाहिला नसावा, कारण फळीला घोडा म्हणणे ही ऐकीव माहितीची भाषा आहे. मात्र तपशील बरोबर आहे.

सर्वात जिवंत वर्णन फारसीत आहे. तब्रीझच्या इल्खानी दरबारातील वजीर रशीदुद्दीन चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘जामी-उत-तवारीख’ लिहीत होता. मलिक काफूर देवगिरीवर चालून आला आणि रामदेवराय यादव दिल्लीला नेला गेला तो हाच काळ. गोदाकाठचा हा सारा मुलूख तेव्हा यादवांचाच होता. रशीदुद्दीन अरण्यात राहणाऱ्या उरियांखत लोकांविषयी लिहितो. त्यांच्या फळ्यांना तो ‘चाना’ म्हणतो. नावाडी पाण्यात वल्हे मारतो तशी ते बर्फात काठी मारतात, रानगुरांना गाठतात आणि मारलेली शिकार दुसऱ्या चानावर लादून ओढत आणतात. सवय नसलेल्याचे पाय भलतीकडेच फाकतात, हेही तो नोंदवायला विसरत नाही. शिवाय ज्याने हे पाहिले नाही त्याचा विश्वास बसणार नाही, याची त्याला कल्पना आहे.

खरा वाद पुढे सुरू होतो. अल्ताईतील एका शैलाश्रयात गेरूने रंगवलेल्या आकृत्या आहेत. प्राण्यांमागे जाणारी माणसे लांब रेषांवर उभी दिसतात. चिनी अभ्यासक शान झाओजियान यांनी या चित्रांचे वय दहा हजार वर्षांहून अधिक मानले, आणि २००६ मध्ये अल्ताई हे स्कीचे जन्मस्थान असल्याचे चीनमध्ये जाहीर करण्यात आले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकच्या काळात या दाव्याला आणखी हवा मिळाली.

अडचण अशी की गेरू हा लोहयुक्त खनिज रंग आहे. त्यात सेंद्रिय कार्बन नसतो, म्हणून कार्बन-१४ पद्धतीने त्याचे वय थेट काढता येत नाही. लाकडाचे काढता येते. रशियाच्या कोमी प्रदेशात विस येथील दलदलीत सापडलेले स्कीचे तुकडे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांतील एका स्कीच्या टोकाखाली मूसचे डोके कोरलेले असून ते फळीला मागे घसरू देत नसावे, असे मानले जाते. म्हणजे गरज तीच, फक्त तोड वेगळी. स्वीडनमध्ये १९२४ साली सापडलेली काल्व्ह्ट्रास्कची स्की सुमारे ५,२०० वर्षे जुनी आहे.

पण यावरून मान उत्तर युरोपला देणेही घाईचे ठरेल. दलदल लाकूड जपते, कोरड्या डोंगरातील मोडकी फळी बहुधा चुलीत जाते. पुरावा कुठे टिकला यावरून वस्तू कुठे जन्मली हे ठरत नाही. सध्याच्या साधनांवर कोणताही देश हा मान छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि ‘जन्मस्थान’ हा शब्द पर्यटन खात्याच्या फलकावर जितका शोभतो तितका इतिहासाच्या पानावर शोभत नाही.

या भांडणात अल्ताईचे खरे वैशिष्ट्य मात्र झाकले जाते. तिथे ही विद्या उत्खननातून बाहेर काढावी लागली नाही. हेमू आणि कानासच्या परिसरातील कारागीर आजही कुऱ्हाडीने फळी तासतात आणि घोड्याचे कातडे चढवतात. अमेरिकेचे निल्स लार्सन यांनी २००५ पासून तिथे वारंवार जाऊन या कौशल्याचे चित्रीकरण केले. आता चीनमध्ये त्या हरणांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. फळ्या उरल्या त्या मुख्यतः शर्यतींसाठी आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी. ज्या बापाने खोल बर्फात हरणाचा माग काढला, त्याचा मुलगा आखलेल्या मार्गावर घड्याळाशी स्पर्धा करतो.

कातड्याची युक्ती मात्र जगभर गेली. हिमपर्वत चढणारे गिर्यारोहक आज प्लास्टिकच्या स्कीखाली नायलॉनची किंवा अंगोरा बकरीच्या केसांची पट्टी चिकटवतात, केस मागच्या दिशेला. गुलमर्गच्या उतारांवरही ती दिसते. इंग्रजीत तिला ‘स्किन’, म्हणजे कातडेच म्हणतात. फ्रेंच भाषेत ती अजूनही ‘सीलचे कातडे’ आहे, जरी तिच्यात सीलचा एक केसही उरलेला नसला तरी.