गॅस मोजायचा कसा, जपायचा कसा?

आज आपण अशा एका वस्तूचा इतिहास पाहणार आहोत, जी डोळ्यांना दिसत नाही, पण विकली मात्र जाते.

1812 साली लंडनच्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली आणि दगडी कोळशापासून काढलेला गॅस नळांतून दुकानांत, घरांत जाऊ लागला. आता प्रश्न आला, पैसे कसे घ्यायचे? धान्य पायलीने मोजता येतं, दूध मापाने. गॅसला माप कुठलं? म्हणून आधी मोजायचाच नाही असं ठरलं. बर्नर किती आणि रात्री किती वाजेपर्यंत पेटणार, यावर रक्कम ठरे. पण दहाची बोली करून बारापर्यंत दिवा जाळला तर? कंपनीची माणसं रात्री गल्लोगल्ली फिरून कुणाच्या खिडकीत उजेड आहे ते बघत!

यावर सॅम्युअल क्लेगने 1815 च्या सुमारास मीटर काढला. त्यात अर्ध्याहून अधिक पाण्यात बुडालेलं, कप्प्यांचं एक पिंप असे. गॅसच्या दाबाने ते फिरे आणि फेऱ्या मोजल्या जात. पण यातही मेख होती. पाण्याची वाफ होऊन पातळी उतरली की कप्प्यात जास्त गॅस मावे, म्हणजे नुकसान कंपनीचं. पाणी जास्त झालं तर ग्राहकाचं. थंडीत पाणी गोठलं की सगळंच ठप्प. 1840 च्या दशकात चामडी भात्यांचा कोरडा मीटर आला आणि ही अडचण सुटली.

तरी विश्वासाचा प्रश्न उरलाच, कारण मीटर कंपनीचाच. म्हणून 1859 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला: मीटर तपासून त्यावर शिक्का मारायचा. चूक विकणाऱ्याच्या फायद्याची असेल तर 2 टक्क्यांपर्यंत आणि ग्राहकाच्या फायद्याची असेल तर 3 टक्क्यांपर्यंतच चालेल. झुकतं माप ग्राहकाला!

मोजणी आली, तेव्हा गळतीही हिशेबात दिसू लागली. नळात सोडलेला गॅस वजा बिल झालेला गॅस, ही तूट. पण तूट म्हणजे सगळी गळतीच नव्हे. त्यात मीटरची चूक असते, चोरीही असते. कारण शोधल्याशिवाय उपाय नाही.

याचा मोठा धडा ब्रिटनला 1967 ते 1977 या काळात मिळाला. घरोघरी कोळशाच्या गॅसऐवजी उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस आला. जुन्या बिडाच्या नळांचे सांधे तागाचे दोर ठासून, वर शिसं ओतून बंद केलेले होते. जुना गॅस दमट, त्यामुळे ताग फुगलेला राही. नवा गॅस कोरडा. ताग सुकून आकसला आणि सांधे गळू लागले. मग ताग फुगावा म्हणून गॅसमध्ये ग्लायकॉलची फवारणी झाली आणि पुढे बिडाच्या जागी पॉलिथिलीनचे नळ आले. तिथे सांधा ठासायचा नसतो, वितळवून एकजीव करायचा असतो.

मुंबईचे रस्ते 1865 मध्ये कोळशाच्या गॅसने उजळले. आज तिथल्या स्वयंपाकघरांत नैसर्गिक गॅस येतो. ओट्याजवळच्या मीटरच्या पोटात मात्र तेच जुने भाते आहेत, फक्त चामड्याऐवजी कृत्रिम पडद्यांचे. पुढच्या वेळी आकडे सरकताना दिसले, तर त्यामागचा हा दोनशे वर्षांचा हिशेब आपण आठवू या.