उन्हाने पाणी शुद्ध करण्याचा ध्यास: प्रकाश-उत्प्रेरणाचा इतिहास

१/ आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसरला मुक्कामी येते. हा परिसर हिरवा केला नीरा डाव्या कालव्याने. १८७६-७७ च्या दुष्काळाने निकडीचे ठरवलेल्या या पाण्यामागून ऊस आला आणि पुढे भवानीनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. #थ्रेड

२/ उसामागून तणनाशके आली. अ‍ॅट्राझिन त्यांतलेच एक. शेतातला उरलेला अंश पावसाबरोबर पाण्यात उतरू शकतो. वाळूच्या गाळणीने गढूळपणा जातो, विरघळलेले रेणू मात्र निसटतात. ते उन्हाने मोडता येतील काय?

३/ या प्रश्नाचे मूळ जपानमध्ये आहे. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले, की पाण्यातील टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की पाण्याचे विघटन घडवता येते. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य!

४/ यामागचे तत्त्व असे: अतिनील किरणांनी या द्रव्यातील इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक घडवते. हा अल्पायुषी मूलक भेटेल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. उत्प्रेरक मात्र खर्ची पडत नाही.

५/ १९७६ मध्ये कॅनडात जॉन कॅरी व सहकाऱ्यांनी याच मार्गाने पीसीबी या चिवट प्रदूषकांतील क्लोरीन सोडवला. १९७७ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन फ्रँक आणि अ‍ॅलन बार्ड यांनी पाण्यातील सायनाइडचे ऑक्सिडीकरण केले.

६/ मग पाळी आली अ‍ॅट्राझिनची. १९९० मध्ये इटलीच्या एझिओ पेलिझेटी व सहकाऱ्यांना आढळले, की तणनाशक मोडते, पण त्याचे वलय अभंग राहते. शेवटी उरते सायन्युरिक आम्ल. ते मूळ रेणूहून बरेच कमी विषारी आहे. तरी ‘रंग गेला, वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले’ हा समज येथे कोलमडतो.

७/ महाराष्ट्रही यात मागे नव्हता. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील पराग गोगटे व अनिरुद्ध पंडित यांनी २००४ मध्ये अशा ऑक्सिडीकरण पद्धतींचा विस्तृत आढावा घेतला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात उत्प्रेरकाचे पातळ थर काचेवर बसवून प्रयोग झाले. भुकटी पाण्यातून पुन्हा वेगळी काढण्याचा त्रास त्यामुळे टळतो.

८/ अडचण उरते ती प्रमाणाची. सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के, आणि गढूळ पाण्यात तेही खोल शिरत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेतील चंचुपात्र आणि वाहता कालवा यांतले अंतर अजून मोठे आहे. तोवर शहाणपण एकच: विष पाण्यात उतरण्याआधी शेतातच आवरणे. (समाप्त)