साधा आणि संयुक्त सूक्ष्मदर्शक : फरक फक्त एका भिंगाचा आहे का?

घड्याळ दुरुस्त करणारे काका डोळ्याला छोटं भिंग लावून काम करताना तुम्ही पाहिले असतील. ते भिंग म्हणजे साधा सूक्ष्मदर्शक. शाळेच्या प्रयोगशाळेत ज्यातून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहिल्या, तो संयुक्त. मग दोघांत नेमका फरक काय?

साधा सूक्ष्मदर्शक
यात एकच बहिर्वक्र भिंग असतं. वस्तू भिंगाच्या अगदी जवळ धरली की ती मोठी आणि सुलटी दिसते.

संयुक्त सूक्ष्मदर्शक
यात भिंगं दोन ठिकाणी असतात. वस्तूजवळचं पदार्थ भिंग नळीत मोठी, उलटी प्रतिमा तयार करतं. डोळ्याजवळची नेत्रिका तीच प्रतिमा आणखी मोठी करते. म्हणून इथे गुणाकार होतो: नेत्रिका १० पट आणि पदार्थ भिंग ४० पट असेल, तर वस्तू ४०० पट मोठी दिसते. प्रतिमा उलटी असल्यानेच स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे जातं!

मग दोन भिंगं केव्हाही चांगली?
सुरुवातीला तसं नव्हतं. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये संयुक्त सूक्ष्मदर्शकातून बुचाचं निरीक्षण करून ‘सेल’ हा शब्द दिला. पण जिवाणू पहिल्यांदा पाहिले ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे कापड व्यापारी लेव्हेनहूक यांनी, तेही स्वतः बनवलेल्या एका इवल्याशा भिंगातून! त्यांचा एक सूक्ष्मदर्शक तर वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतो.

असं का झालं? भिंगातून जाताना प्रकाशातले रंग कमी-जास्त वळतात आणि चित्राच्या कडांना रंगीत झालर येते. संयुक्त सूक्ष्मदर्शकात पहिल्या भिंगाचा हा दोष दुसरं भिंग आणखी मोठा करायचं. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी दोषमुक्त भिंगांची योग्य जुळणी कशी करायची हे दाखवलं आणि चित्र पालटलं. आज थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू साधारण १००० पट मोठे करून शोधले जातात, ते संयुक्त सूक्ष्मदर्शकातूनच.

खरेदीआधी हे लक्षात ठेवा
मोबाइलमधला फोटो खूप झूम केला की मोठा होतो, पण धूसर दिसतो. इथेही तसंच आहे. साध्या प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकात सुमारे १५०० पटींच्या पुढे आकार वाढतो, तपशील नाही. त्यामुळे मुलांसाठी सूक्ष्मदर्शक घेताना खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, भिंग किती स्पष्ट दाखवतं ते पाहा.