ऑक्सफर्डच्या विद्यार्थिमंडळाची उपासना व पंक्ति

इंग्लंडांतील मेथॉडिस्ट पंथाचा उगम ऑक्सफर्ड येथील ज्या लहानशा विद्यार्थिमंडळांत झाला, त्याची उपासना व त्याचा अन्नव्यवहार हीं दोन अंगें एकमेकांपासून वेगळीं काढतां येत नाहींत. हेंच प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

इ. स. १७२९ मध्यें क्राइस्ट चर्च कॉलेजचा विद्यार्थी चार्लस् वेस्ली यानें दोघां-तिघां सोबत्यांसह दर आठवड्यास प्रभुभोजनाचा विधि पाळण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याचा वडील भाऊ जॉन, लिंकन कॉलेजचा फेलो, परत आला व मंडळाचें पुढारीपण त्याजकडे गेलें. संध्याकाळीं एकत्र जमून मूळ ग्रीक नवा करार वाचावा व प्रार्थना करावी, असा क्रम असे. पुढें बुधवारीं व शुक्रवारीं दुपारीं तीनपर्यंत उपवास सुरू झाला.

या उपवासावरूनच वाद माजला. मंडळाचा एक प्रमुख सभासद विल्यम मॉर्गन २६ ऑगस्ट १७३२ रोजीं डब्लिन येथें वारला. वेस्ली बंधूंच्या सल्ल्यानें केलेल्या उपवासांनीं त्याचा मृत्यु ओढवला, अशी आवई उठली. ऑक्टोबरांत जॉननें मृताच्या पित्यास लिहिलें कीं, मॉर्गननें उपवास सुमारें दीड वर्षापूर्वींच सोडला होता, व आपणांस तो धरून सहा महिनेही झाले नाहींत. हा आरोपीचा स्वतःचा जबाब. केवळ त्यावर विसंबतां येत नाहीं. परंतु पुढील वर्षीं त्याच पित्यानें आपला धाकटा मुलगा जॉनच्याच हाताखालीं शिकावयास ठेविला, ही गोष्ट बोलकी आहे. तथापि उपवास निरुपद्रवी होता, असेंही म्हणवत नाहीं. १७३५ च्या ईस्टरपूर्व उपवासकालांत जॉर्ज व्हाइटफील्ड शनिवार-रविवार वगळून जाड्याभरड्या पावावर व बिनसाखरेच्या पाल्याच्या काढ्यावर राहिला, आणि सात आठवडे आजारी पडला.

हाच व्हाइटफील्ड मंडळांत आला तो मात्र न्याहारीच्या निमंत्रणानें. तो पेंब्रोक कॉलेजांत ‘सर्व्हिटर’, म्हणजे धनिक विद्यार्थ्यांची चाकरी करून शिकणारा, होता. अशांचा दर्जा हलका मानला जाई. १७३३ च्या सुमारास अनाथगृहांतील एका स्त्रीनें आत्महत्येचा यत्न केल्याचें कळतांच त्यानें एका सफरचंदें विकणारीच्या हातीं चार्लसला निरोप धाडला, व आपलें नांव सांगूं नको असें बजाविलें. तिनें तें सांगितलेंच! चार्लसनें दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला न्याहारीस बोलाविलें. ही हकीकत व्हाइटफील्डनें १७४० सालीं छापलेल्या आत्मवृत्तांत स्वतः दिली आहे.

आपल्या भाषेंत बोलावयाचें तर येथें पंक्तिभेद मोडला. १ जानेवारी १७३९ रोजीं लंडनच्या फेटर लेनमध्यें सुमारें साठ जणांचें प्रेमभोजन झालें. त्यांत हा जुना सर्व्हिटर वेस्ली बंधूंच्या बरोबरीनें बसला होता, व पहाटे तीनलाही प्रार्थना चालूच होती. सबब, उपवासावरून या मंडळाची परीक्षा करणारांनीं ती न्याहारीही जमेस धरावी, इतकेंच सुचवावयाचें आहे.